आडनावाच्या शोधातले एक वर्ष : ‘लुकिंग फॉर अलिब्रांडी’

माझी भाची सिडनीच्या पश्चिमेकडच्या उपनगरात लहानाची मोठी झाली. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुट्टीत ती पुण्याला आली, तेव्हा तिच्या सामानात कण्याला चिकटपट्टी लावलेले, पानांचे कोपरे दुमडलेले एक पुस्तक होते. परत जाताना ते तिने माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “मावशी, हे वाच. आई आणि मी का भांडतो ते तुला समजेल.” ते पुस्तक म्हणजे मेलिना मार्केटा यांची १९९२ साली प्रसिद्ध झालेली ‘लुकिंग फॉर अलिब्रांडी’ ही कादंबरी. किशोरवयीनांसाठी लिहिलेले पुस्तक पन्नाशी ओलांडलेल्या बाईने वाचावे काय, अशी शंका मनात घेऊनच मी ते उघडले. त्यानंतर ते दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वाचनात ते मला पहिल्यापेक्षा पुष्कळ वेगळे दिसले. हे परीक्षण त्या दुसऱ्या वाचनाचे आहे. कथानकातल्या दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्याशिवाय या कादंबरीविषयी प्रामाणिकपणे बोलता येत नाही, म्हणून ज्यांना त्या आधी कळायला नको आहेत त्यांनी पुस्तक वाचून मगच इकडे यावे.

ऑस्ट्रेलियात या कादंबरीला जे स्थान आहे ते थोडे सांगायला हवे. तिथल्या बालसाहित्य परिषदेचा मोठ्या वयाच्या वाचकांसाठीचा पुरस्कार तिला १९९३ साली मिळाला, अनेक शाळांत ती वर्षानुवर्षे वाचनाला लावली गेली, २००० साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि २०२२ साली ती रंगभूमीवरही आली. ही लेखिकेची पहिलीच कादंबरी. मार्केटा स्वतः सिडनीतल्या इटालियन वंशाच्या कुटुंबातल्या. त्यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती, पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि सिडनीतल्या मुलांच्या एका शाळेत त्यांनी बरीच वर्षे शिकवले. शाळा अर्धवट सोडलेल्या व्यक्तीने शालान्त परीक्षेच्या वर्षावर इतके नेमके लिहावे याचे मला आधी नवल वाटले, पण नंतर वाटले की ज्या घराचे दार आपल्यामागे बंद झाले त्या घराच्या खोल्या माणसाला बहुधा जास्तच स्पष्ट आठवत असाव्यात.

कथा सतरा वर्षांच्या जोसेफिन अलिब्रांडीची, म्हणजे जोसीची आहे, आणि ती जोसीच आपल्याला सांगते. सिडनीच्या ग्लीब भागात ती आई क्रिस्टिनासोबत राहते. शिष्यवृत्तीच्या बळावर ती श्रीमंतांच्या मुलींनी भरलेल्या एका कॅथलिक शाळेत शिकते आणि तिला वकील व्हायचे आहे. क्रिस्टिनाचे लग्न झालेले नाही. सतराव्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा शेजारच्या घरातला मायकेल अँड्रेटी आपल्या कुटुंबासोबत ॲडलेडला निघून गेला होता, आणि क्रिस्टिनाला तिच्या वडिलांनी घराबाहेर काढले होते. आजी कातिया, जिला जोसी नोन्ना म्हणते, नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलीशी पुन्हा बोलू लागली आहे, मात्र तिच्या प्रत्येक बोलण्यात एक बारीक काटा असतो. अशा घरात बारावीचे वर्ष सुरू होते आणि त्याच वर्षी मायकेल बॅरिस्टर होऊन सिडनीत परततो. जॉन बार्टन हा राजकारण्याचा हुशार मुलगा आणि जेकब कूट हा सरकारी शाळेतला बेधडक बोलणारा विद्यार्थी-नेता, असे दोन मुलगे जोसीच्या आयुष्यात येतात. ऑस्ट्रेलियात शाळेचे वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरात संपते आणि बारावीची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते, हे लक्षात ठेवले तर कथेतले महिने आणि ऋतू यांचा गोंधळ होत नाही.

इथपर्यंतचे कथानक ऐकून कोणालाही वाटेल की हे माहितीतले पुस्तक आहे. पहिल्या शंभर पानांत मलाही तसेच वाटले होते. जोसीची जीभ तिखट आहे, तिला शेवटचा शब्द आपला असल्याखेरीज चैन पडत नाही, आणि धर्मशिक्षणाच्या तासाला मासिकातली प्रश्नावली सोडवताना पकडली गेल्यावरही ती वाद घालायला मागेपुढे पाहत नाही. तिचे बोलणे वाचताना हसू येते, पण ते सलग चाळीस पाने वाचले की थोडा शीणही येतो. मैत्रिणींची भांडणे, नाचाची संध्याकाळ, कोणी कोणाकडे पाहिले याची चर्चा, हे सारे त्या वयाला शोभणारे असले तरी लेखिकेने त्यातली काही पाने कमी केली असती तर कादंबरीचे काहीच बिघडले नसते. प्रौढ वाचकाने इथे धीर धरावा, एवढेच सांगते. किशोरवयीन वाचकाला हा सल्ला लागणार नाही, कारण भाचीच्या मते सगळ्यात चांगली पाने तीच आहेत.

या खेळकर निवेदनाच्या आड एक कडवट सामाजिक वास्तव आहे आणि ते एका शब्दात साठवलेले आहे. तो शब्द ‘वॉग’. ब्रिटिश अमलात तो शब्द गोरे लोक आपल्यासारख्या काळ्यासावळ्या माणसांना हिणवण्यासाठी वापरत, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियात मात्र तो इटालियन, ग्रीक, लेबनीज अशा स्थलांतरितांना चिकटला. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण युरोपातून लाखो माणसे त्या देशात आली, त्यांनी कारखान्यांत, बांधकामांवर आणि शेतांत कष्ट उपसले, आणि त्यांच्या नातवंडांनाही वर्गात हा शब्द ऐकावा लागला. जोसी ऑस्ट्रेलियात जन्मली आहे, इंग्रजी तिची शाळेची आणि भांडणाची भाषा आहे, तरीही वर्गातली एक श्रीमंत मुलगी तिला तिची जागा दाखवायला बघते. त्यावर जोसी हातातले पुस्तक तिच्या तोंडावर मारते आणि त्या मुलीचे नाक मोडते. प्रकरण मुलीच्या वडिलांच्या धमकीपर्यंत जाते. अशा वेळी, ज्या माणसाशी आपल्याला काही देणेघेणे नाही असे जोसीने जाहीर केलेले असते, त्याच आपल्या बापाला, मायकेलला, ती फोन करते. लेखिकेने या प्रसंगात मारहाणीचे समर्थन केलेले नाही आणि उपदेशही दिलेला नाही. हे मला फार आवडले.

इटालियन समाजाचे चित्रण तर वाचताना वारंवार आपल्याकडे बोट दाखवते. मुलगी कोणासोबत दिसली, स्कर्ट किती आखूड होता, कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसली होती, हे सारे त्या घरी पोहोचण्याआधी फोनवरून तिच्या आजीपर्यंत पोहोचलेले असते. इटालियन बायकांच्या या दूरध्वनी-हेरखात्याचे जोसीने केलेले वर्णन वाचताना मला माझ्या लहानपणचा सदाशिव पेठेतला वाडा आठवला, जिथे हेरखात्याला दूरध्वनीचीही गरज नव्हती, सज्जा पुरत असे. अर्थात, हे साम्य ओढूनताणून मोठे करण्याची आवश्यकता नाही. कादंबरीतली माणसे पक्की सिसिलियन आणि पक्की सिडनीकर आहेत, आणि त्यांची लाज, त्यांचा अभिमान, त्यांचे जेवण हे त्यांचेच आहे. परंतु ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याला पासपोर्ट लागत नाही, हे मात्र खरे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पहिल्या वाचनात मी ही जोसीची कादंबरी म्हणून वाचली आणि दुसऱ्या वाचनात मला ती नोन्नाची वाटली. जोसीला शाळा सुटल्यावर आजीकडे जावे लागते आणि तिथे तिला जुने फोटो पाहत जुन्या गोष्टी ऐकाव्या लागतात. सुरुवातीला ती प्रचंड कंटाळते. आजीचे रूप, आजीचे तारुण्य, आजीला मागणी घालणारे पुरुष, या गोष्टी कोणत्याही नातीला ऐकवल्या तर ती कंटाळेल तशीच. पण हळूहळू त्या गोष्टींतला तपशील बदलतो. कोवळ्या वयात लग्न होऊन ती मुलगी इटलीतून जहाजाने निघते आणि उत्तर क्वीन्सलँडच्या दमट, सापांनी भरलेल्या, ऊसशेतीच्या मुलखात येऊन पडते. तिला भाषेचा एक शब्द येत नाही, नवरा ऊसतोडीसाठी महिनोन्‌महिने दूर असतो आणि घरी असतो तेव्हाही बायकोला माणूस म्हणून वागवण्याची त्याला सवय नसते. तिला दिवसेंदिवस बोलायला कोणी नसते. अशा वेळी मार्कस सँडफोर्ड नावाचा एक ऑस्ट्रेलियन माणूस तिच्याशी आदराने बोलतो.

इथे इतिहासाचा धागा थोडा उलगडून सांगते, कारण कादंबरी तो गृहीत धरते. क्वीन्सलँडच्या उसाच्या पट्ट्यात इटालियन मजूर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येत होते आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंगमसारख्या गावांत त्यांची मोठी वस्ती झाली होती. जून १९४० मध्ये इटली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली आणि हेच शेतकरी, मजूर एका रात्रीत शत्रुदेशाचे नागरिक ठरले. हजारो इटालियन पुरुषांना घरांतून उचलून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या लव्हडेसारख्या छावण्यांत ठेवण्यात आले, त्यांतले बरेच जण क्वीन्सलँडचे होते. मागे राहिलेल्या बायकांनी शेती, मुले आणि शेजाऱ्यांच्या नजरा कशा सांभाळल्या असतील याची कल्पना करता येते. मार्केटा यांनी हा इतिहास पाठ्यपुस्तकासारखा सांगितलेला नाही. तो म्हाताऱ्या बाईच्या तोंडून, अधूनमधून, चहाच्या वेळी येतो आणि त्यामुळेच तो खरा वाटतो.

नोन्नाच्या गोष्टींतल्या तारखा जुळवताना एके दिवशी जोसीच्या ध्यानात येते की आईचा जन्म व्हायला हवा होता त्या काळात आजोबा घरी नव्हतेच. क्रिस्टिना ही फ्रान्चेस्को अलिब्रांडीची मुलगी नाही, ती मार्कस सँडफोर्डची आहे. हा प्रसंग कादंबरीचा कणा आहे. जोसीचा पहिला भाव सहानुभूतीचा नसून संतापाचा आहे, आणि तो पूर्णपणे न्याय्य आहे, कारण ज्या चुकीसाठी मुलीला घराबाहेर काढले गेले, ज्या चुकीवरून नातीला आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले, तीच गोष्ट या सोवळ्या बाईने स्वतः केलेली असते. मग नोन्ना बोलते. मार्कसचा हात धरून निघून जाण्याचे धाडस तिने का केले नाही, एका निष्ठुर नवऱ्याच्या घरात ती का राहिली, पोटच्या मुलीवर अन्याय होताना ती गप्प का बसली, हे ती सांगते तेव्हा तिची बाजू बरोबर ठरत नाही, पण कळते. पस्तीसेक वर्षे एकटीने वाहिलेले ओझे ती शेवटी उतरवते तेही एका सतरा वर्षांच्या पोरीपुढे. आता शीर्षकाकडे पुन्हा पाहा. जोसी ज्या अलिब्रांडीला शोधते आहे तो तिच्या रक्तात कधी नव्हताच. जे आडनाव ती अनौरसपणाची खूण म्हणून जन्मभर वागवत आली, ते मुळात तिच्या आईचेही नव्हते.

मोठे होणे म्हणजे पहिले चुंबन, पहिली नोकरी किंवा पहिला विरह, असे या प्रकारातली बहुतेक पुस्तके मानतात. या पुस्तकातही ते सगळे आहे. परंतु मार्केटा यांना त्याहून अवघड गोष्ट ठाऊक आहे. आपल्या जन्माआधी आपल्या आईला आणि आजीला एक आयुष्य होते, त्यात आपला काही संबंध नव्हता आणि त्याचा निवाडा करण्याचा अधिकारही आपल्याला नाही, हे ज्या दिवशी मुलीला कळते त्या दिवशी ती मोठी होते. ऑस्ट्रेलियन किशोरसाहित्यातच काय, प्रौढांच्या साहित्यातही ही जाणीव इतक्या साध्या रीतीने मांडलेली मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे.

याचा परिणाम मी घरातच पाहिला. पुस्तक वाचून झाल्यावर भाचीने एका रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या आईला विचारले, “आजी, तुझं लग्न ठरलं तेव्हा तुला कोणी विचारलं होतं का गं?” आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ती काही क्षण गप्प बसली आणि मग म्हणाली, “विचारलं होतं की. चहात साखर किती घालू, असं विचारलं होतं.” आम्ही सगळे हसलो. पण नंतर अर्धा तास ती मिरजेच्या शाळेविषयी, सोडून द्याव्या लागलेल्या शिक्षिकेच्या नोकरीविषयी जे बोलली, त्यातला बराचसा भाग मी तिची मुलगी असून प्रथमच ऐकत होते.

पित्याच्या कथानकाविषयी मात्र माझी तक्रार आहे. मायकेल अँड्रेटी सुरुवातीला मुलीची जबाबदारी नको म्हणतो आणि पाहता पाहता तो समंजस, विनोदी, हाताशी येणारा बाप होऊन जातो. दोघांमधले संवाद चटकदार आहेत आणि शाळेतल्या त्या प्रकरणात तो वकिली थाटात येतो तो प्रसंग वाचकाला सुखावतो, हे मान्य. तरीही सतरा वर्षांची गैरहजेरी काही महिन्यांत, काही जेवणांत आणि काही भांडणांत भरून निघावी, हे मला फार सोयीचे वाटले. क्रिस्टिनाच्या मनात या माणसाविषयी जे साचले असेल ते आपल्याला फारसे दिसत नाही, कारण सगळे जोसीच्या डोळ्यांनी दिसते आणि जोसीला बाप हवा असतो. कदाचित लेखिकेने मुद्दामच असे केले असेल. पण क्रिस्टिनाला स्वतःची चार पाने मिळायला हवी होती. आजी आणि नात यांच्या मध्ये उभी असलेली ही बाई दोन्हीकडून सोसते आणि कादंबरीत सर्वांत कमी बोलते.

दुसरी गोष्ट जी सांगितल्याशिवाय राहवत नाही ती जॉन बार्टनची. पालकांनी हा परिच्छेद नीट वाचावा. जॉन हुशार आहे, देखणा आहे, शाळेचा विद्यार्थी-नेता आहे, वादविवाद स्पर्धांत चमकतो, आणि त्याच्या पुढे वडिलांनी आखून दिलेला राजकारणाचा प्रशस्त रस्ता आहे. जोसीच्या दृष्टीने त्याच्याजवळ सर्व काही आहे. दोघे एकदा आपापल्या मनातले कागदावर लिहून एकमेकांकडे देतात आणि तो कागद परीक्षा होईपर्यंत उघडायचा नाही असे ठरवतात. परीक्षेच्या तोंडावर जॉन आत्महत्या करतो. लेखिकेने त्याचे कारण एका वाक्यात सांगण्याचा मोह टाळला आहे. बापाच्या अपेक्षा आहेत, एकटेपण आहे, त्याने अधूनमधून टाकलेली काही वाक्ये आहेत ज्यांचा अर्थ मागे वळून पाहिल्यावरच लागतो, पण गणित सुटत नाही आणि ते सुटू नये अशीच मांडणी आहे. जोसी त्याच्यावर रागावते. ज्याच्याकडे सगळे होते त्याने असे का करावे, हा तिचा राग कुरूप आहे आणि म्हणूनच खरा आहे. शाळेतल्या ज्या आयव्हीचा ती वर्षभर दुस्वास करते, जिला विषारी वेलीचे टोपणनाव देते, तिचेही दुःख तिला त्याच दिवसांत दिसते, आणि दोन मुलींमधले वैर कोणतेही भाषण न होता विरून जाते.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालाच्या सुमारास वर्तमानपत्रांत काय छापून येते हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे की नाही असा प्रश्न एखाद्या पालकाच्या मनात येईल. माझे मत असे की द्यावे, मात्र चौदा-पंधरा वर्षांच्या आधी नको आणि मूल वाचत असताना आपणही वाचावे. कादंबरीत मृत्यूचे उदात्तीकरण नाही. तो कसा घडला याचे वर्णनही लेखिका लांबवत नाही. मागे राहिलेल्यांचे काय होते यावर तिचे लक्ष आहे, आणि ज्यांच्या घरात, वर्गात किंवा इमारतीत असे काही घडले आहे त्यांना ते ओळखीचे वाटेल. लैंगिक संबंधांविषयीची चर्चा आहे, पण ती मोकळी असून थिल्लर नाही, आणि जोसी त्या बाबतीत स्वतःचा निर्णय स्वतः घेते.

जेकब कूटविषयी थोडक्यात. तो आईवेगळा, गोऱ्या ऑस्ट्रेलियन कष्टकरी घरातला मुलगा आहे, त्याला मोटारींमध्ये रस आहे, टाय लावण्यात नाही. त्याची आणि जोसीची जवळीक ही प्रेमकथा म्हणून मला साधारण वाटली, पण वर्ग आणि वंश यांची टक्कर म्हणून उत्तम. जोसीला वाटते की तिच्याकडे सगळे पाहतात कारण ती इटालियन आहे. जेकबला वाटते की त्याला कोणी मोजतच नाही कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही. जोसीच्या घरी तो पहिल्यांदा येतो तेव्हाची अवघडलेली बोलणी वाचण्यासारखी आहेत. शेवटी ते दोघे एकत्र राहत नाहीत, आणि हा शेवट निवडल्याबद्दल लेखिकेला शंभर गुण द्यावेत.

टोमॅटोच्या दिवसाविषयी न लिहिणे शक्यच नाही. इटालियन कुटुंबे उन्हाळा सरताना पिकलेल्या टोमॅटोंच्या पेट्या आणून अंगणात एकत्र जमतात, टोमॅटो उकडतात, यंत्रातून गाळतात, बाटल्यांत भरतात, बाटल्या मोठ्या पिंपात उकळतात आणि वर्षभराचा सॉस करून ठेवतात. जोसीला याची विलक्षण लाज वाटते, शाळेत कोणाला कळले तर आपण मेलोच असे तिला वाटते. मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालणाऱ्या आईसमोरून मित्रांना घेऊन जाताना आपल्यापैकी कित्येकांनी नजर चुकवली असेल. प्रसंगाची गंमत अशी की सॉस करता करताच जुनी नाती, जुने गाणे आणि जुनी भांडणे वर येतात. त्या लाजेचे काय होते हे इथे लिहीत नाही. वास, घाम, हाताला लागलेला लाल रंग आणि एका म्हाताऱ्या नातेवाइकाची आरडाओरड या साऱ्यांतून लेखिका ते फार हलक्या हाताने दाखवते.

वाचनसुलभतेविषयी सांगायचे तर इंग्रजी सोपे आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि इंग्रजी कादंबरीची भीती वाटणाऱ्या मुलामुलींनाही हे पुस्तक जमेल, कारण त्याचा मोठा भाग संवादांचा आहे. ऑस्ट्रेलियन बोलीतले काही शब्द आणि इटालियन शिव्या-लाडाचे शब्द अडतील, पण संदर्भाने कळतील. काळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा असल्यामुळे मोबाइल नाही, इंटरनेट नाही, माणसे घरच्या फोनवर एकमेकांना शोधतात आणि फोन दुसऱ्याने उचलला म्हणून घोटाळे होतात. आजच्या मुलांना हे जरा ऐतिहासिक वाटेल. भाचीला त्यात काही अडचण वाटली नाही, तिचे म्हणणे असे की आजही तिच्या शाळेतल्या मुली तसेच बोलतात, फक्त तो शब्द आता दुसऱ्या लोकांसाठी वापरतात. कोणासाठी, हे मी विचारले नाही.

ज्यांना हे पुस्तक आवडेल त्यांनी याच लेखिकेची २००३ सालची ‘सेव्हिंग फ्रान्चेस्का’ घ्यावी. तिच्यात नैराश्याने अंथरुणाला खिळलेल्या आईमुळे घर कसे विस्कटते याचे चित्रण आहे आणि माझ्या मते कलाकृती म्हणून ती अधिक घट्ट विणलेली आहे. २००६ सालची ‘ऑन द जेलिको रोड’ मात्र आधी घेऊ नये. तिला अमेरिकेतला किशोरसाहित्यासाठीचा प्रिंट्झ पुरस्कार २००९ साली मिळाला आणि तो योग्यच होता, परंतु तिची गुंतागुंतीची रचना पहिल्या पन्नास पानांत चांगल्या चांगल्यांना दमवते.

चित्रपट केट वुड्स यांनी दिग्दर्शित केला असून पटकथा मार्केटा यांचीच आहे. पिया मिरांडा यांची जोसी आणि ग्रेटा स्काकी यांची क्रिस्टिना दोन्ही पाहण्यासारख्या आहेत, आणि कादंबरीत अबोल राहिलेल्या आईला तिथे चेहरा मिळतो, एवढ्या एका कारणासाठीही तो पाहावा. पण पुस्तकानंतर. चित्रपट टोमॅटोच्या दिवसापासूनच सुरू होतो, तेव्हा त्या अंगणातली माणसे आपल्या ओळखीची नसतात. कादंबरीत तो दिवस बऱ्याच पुढे येतो, आणि टोमॅटो चिरणाऱ्या त्या म्हातारीच्या पोटात काय आहे हे तोपर्यंत आपल्याला कळू लागलेले असते.

माझ्याकडची चिकटपट्टीवाली प्रत सध्या आमच्या इमारतीतल्या बारावीत शिकणाऱ्या एका मुलीकडे आहे. तिची आई गेल्या आठवड्यात जिन्यात भेटली, तेव्हा म्हणाली की मुलीच्या आधी तिनेच ते वाचायला घेतले आहे आणि नोन्ना नवऱ्याविषयी बोलते तिथपर्यंत ती आली आहे.